केंब्रिजचा हिशेब

केंब्रिज विद्यापीठ म्हटलं की आपल्याला न्यूटन आठवतो, रामानुजन आठवतो, १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले आपले र. पु. परांजपे आठवतात. गणिताची पंढरीच म्हणा ना! तर या पंढरीला २००० सालच्या ऑगस्टपासून स्वतःच्याच जमाखर्चाचा मेळ लागेनासा झाला. बिलं वेळेवर चुकती होईनात, आपल्या संशोधन प्रकल्पाच्या खात्यात किती पैसे शिल्लक आहेत हे प्राध्यापकांना कळेना, आणि विभागाविभागांत हिशेब सांभाळणारी मंडळी अक्षरशः मेटाकुटीला आली. कारण होतं 'कॅप्सा' नावाची नवी आर्थिक प्रणाली. ती ओरॅकल फायनान्शियल्सवर बेतलेली होती आणि तिच्यावर ९० लाख पौंडांच्या आसपास खर्च झाला होता.

ईआरपीच्या धंद्यात असलेल्यांना फसलेल्या प्रकल्पांच्या गोष्टी नवीन नाहीत. पण केंब्रिजची गोष्ट मला वेगळी वाटते ती एका जुन्या योगायोगामुळे. त्यासाठी आधी पन्नास वर्षं मागे जायला हवं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इंग्लंडात जे. लायन्स अँड कंपनी नावाची एक मोठी कंपनी होती. धंदा काय, तर चहाची दुकानं, केक आणि पाव. रोज लाखो छोटे छोटे व्यवहार, आणि ते लिहून काढायला कारकुनांची फौज. १९४७ साली कंपनीने थॉमसन आणि स्टँडिंगफोर्ड या आपल्या दोन अधिकाऱ्यांना अमेरिकेत नवीन ऑफिस यंत्रं बघायला पाठवलं. तिथे त्यांना कळलं की ज्या 'इलेक्ट्रॉनिक मेंदू'च्या शोधात आपण इतक्या लांब आलो, तसाच एक आपल्या घराशेजारी केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स बांधतायत. परत येऊन लायन्सने विल्क्सना ३,००० पौंड दिले आणि मदतीला एक माणूस दिला. विल्क्स यांच्या 'एडसॅक'ने ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्रॅम चालवला. त्याच धर्तीवर लायन्सने स्वतःचं 'लिओ' बनवलं, आणि १९५१ च्या नोव्हेंबरपासून त्यावर बेकरीच्या मालाच्या किमतीचा हिशेब नेमाने होऊ लागला. धंद्याच्या रोजच्या कामासाठी चाललेला जगातला पहिला प्रोग्रॅम म्हणून आज तोच सांगितला जातो. म्हणजे आज आपण ज्याला 'बिझनेस सॉफ्टवेअर' म्हणतो त्याची नाळ केंब्रिजमध्येच पुरलेली आहे.

आता मला महत्त्वाचा वाटणारा भाग. लायन्सने प्रोग्रॅम लिहायला माणसं कुठून आणली? प्रोग्रॅमर नावाची जमात तेव्हा जवळजवळ अस्तित्वातच नव्हती. कंपनीने ती बऱ्याच अंशी आपल्याच कचेरीतून निवडली. डेव्हिड कॅमिनर हे त्यातलं ठळक नाव. हा माणूस १९३६ पासून लायन्समध्ये होता आणि 'सिस्टिम्स रिसर्च' विभागाचा प्रमुख होता. कुठला कागद कुठून कुठे जातो, कोण त्यावर सही करतो, आणि ती सही कशासाठी लागते, हे शोधत बसायचं हेच त्या विभागाचं काम. काँप्युटर आला तेव्हा कामाची खडान्‌खडा माहिती असलेली माणसं तयार होती. पगाराचं काम लिओवर टाकायचं ठरलं तेव्हाही आधी जुनी पद्धत आणि यंत्र दोन्ही शेजारी शेजारी चालवून आकडे जुळताहेत ना ते बघितलं, आणि मग १९५४ साली जुनी पद्धत सोडली. पगार चुकला तर कामगार ऐकून घेणार नाहीत, हे चहावाल्यांना पक्कं ठाऊक होतं :-)

थोडक्यात काय, तर लायन्समध्ये 'कर्मचाऱ्यांची तयारी' हा प्रकल्पाच्या शेवटी येणारा वेगळा टप्पा नव्हता. सुरुवातच तिथून झाली होती.

आता परत २००० साली येऊ. केंब्रिज हे एक विद्यापीठ असलं तरी कारभार पाहिला तर ते शंभरएक संस्थानांचं संघराज्य वाटावं. विभाग वेगळे, प्रयोगशाळा वेगळ्या, कॉलेजं तर कायद्यानेच स्वतंत्र. प्रत्येक विभागात हिशेब बघणारी एक-दोन माणसं. त्यांच्या वह्या आणि स्प्रेडशीट आपापल्या. कोणता प्राध्यापक उधळ्या आहे, कोणत्या अनुदानातून प्रवासखर्च चालतो आणि कोणत्यातून चालत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. वरच्या कार्यालयाला यातलं फारसं दिसत नसे, आणि खरं सांगायचं तर दिसायची गरजही पडत नसे.

नव्या प्रणालीमागचा एक महत्त्वाचा हेतू होता 'कमिटमेंट अकाउंटिंग'. नाव भारदस्त आहे, कल्पना साधी. समजा एका प्रयोगशाळेच्या अनुदानात १०,००० पौंड आहेत आणि तिने ४,००० च्या सूक्ष्मदर्शकाची ऑर्डर दिली. बिल यायला दोन महिने आहेत. खात्यावर अजून १०,००० दिसतात, पण त्यातले ४,००० 'बोललेले' आहेत. ते त्याच दिवशी बाजूला काढून दाखवायचे, की झालं कमिटमेंट अकाउंटिंग. महिनाअखेरीस किराणावाल्याचे पैसे डब्यात वेगळे ठेवणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण हे यंत्राला करायचं असेल तर एक अट आहे. प्रत्येक ऑर्डर, ती देण्याच्या क्षणी, प्रणालीत नोंदली गेली पाहिजे. म्हणजे ज्या संशोधकाला फोनवरून दुकानदाराला "पाठवून द्या, बिल नंतर बघू" असं सांगायची सवय आहे त्याची सवय मोडली पाहिजे. जी क्लार्क बाई बिल आलं की वहीत चढवत होती, तिचं काम आता बिलाच्या आधी दोन महिने सुरू होणार. वरवर बघता स्क्रीन बदलला. खरं तर कामाचा क्रम बदलला, आणि कोणाला कोणी काय विचारायचं तेही बदललं. असा बदल कुठलं बटण कधी दाबायचं हे दाखवणाऱ्या वर्गात शिकवून होत नाही.

आणि वेळ बघा. ब्रिटिश विद्यापीठांचं आर्थिक वर्ष ३१ जुलैला संपतं, म्हणून प्रणाली सुरू झाली ऑगस्टमध्ये. हिशेबतपासनिसाच्या दृष्टीने याहून चांगला मुहूर्त नाही. माणसांच्या दृष्टीने? जुनं वर्ष बंद करण्याची घाई, वर उन्हाळ्याच्या सुट्ट्या, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला नवीन टर्म. शिकायला निवांत वेळ मिळावा असा एकही आठवडा यात सापडत नाही. ऑगस्टमध्ये अर्धवट शिकलेलं ऑक्टोबरच्या गर्दीत वापरायचं. हर्मान एबिंगहाउसने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं माणूस पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच सगळ्यात जास्त विसरतो. पण प्रकल्पाच्या वेळापत्रकात एबिंगहाउसला कोण विचारतो?

पुढे इतका गहजब झाला की विद्यापीठाच्या ऑडिट कमिटीने आणि बोर्ड ऑफ स्क्रुटिनीने बाहेरच्या दोन माणसांकडून चौकशी करून घेतली. अँथनी फिंकेलस्टाइन हे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांनी प्रकल्पाची तांत्रिक आणि व्यवस्थापनाची बाजू पाहिली. मायकेल शॅटॉक हे वॉरिक विद्यापीठाचे माजी रजिस्ट्रार. त्यांनी कारभाराची बाजू पाहिली. अहवाल नोव्हेंबर २००१ मध्ये बाहेर आला. यंत्रं कमी पडली, गरजा नीट लिहून काढल्या नव्हत्या, प्रशिक्षण आणि मदत अपुरी होती, हे सगळं त्यात आहेच. पण दोघांचा रोख एकट्या सॉफ्टवेअरवर नव्हता. एवढा मोठा बदल पेलायला लागणारी प्रशासनाची ताकदच विद्यापीठाने कमावली नव्हती आणि नेमकी जबाबदारी कोणाची हेही स्पष्ट नव्हतं, हे त्यांचं खरं म्हणणं.

याला पुरावा काय? तर पुढचा इतिहास. केंब्रिजने ओरॅकल फेकून दिलं नाही. त्याच पायावरची प्रणाली डागडुजी होऊन आणि नाव बदलून पुढे कितीतरी वर्षं चालली. दरम्यान मदत मिळायला लागली, नियम लिहिले गेले, माणसं रुळली. जे २००० साली 'चालत नाही' होतं ते नंतर 'चालतंय की' झालं. यातलं सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीमुळे किती आणि माणसांच्या रुळण्यामुळे किती, याची वाटणी कोणी करू शकणार नाही. पण दुसरा वाटा छोटा नसावा.

तुम्ही म्हणाल, कर्मचाऱ्यांना बदल नकोच असतो, त्याला सॉफ्टवेअरवाल्यांनी काय करावं? हे वाक्य मी इतक्या मीटिंगांत ऐकलंय की त्यावर एक उलटं उदाहरण द्यायलाच हवं. एरिका वॅग्नर आणि सुझन स्कॉट या दोन संशोधिकांनी अमेरिकेतल्या एका आयव्ही लीग विद्यापीठाचा (नाव दिलेलं नाही) अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. तिथे परिस्थिती नेमकी उलटी होती. विभागांतले लोक वर्षानुवर्षं कमिटमेंट अकाउंटिंगच करत होते, आणि नवीन ईआरपीने ते काढून वर्षाचं बजेट महिन्या-महिन्यांत वाटून बघायची कंपन्यांची पद्धत आणली. संशोधन अनुदानाला ती पद्धत गैरसोयीची. मग काय, लोकांनी आपल्या स्प्रेडशीट चालू ठेवल्या, कुरकुर वाढत गेली, आणि अखेर विद्यापीठाला जुन्या पद्धतीसारखी सोय नव्या प्रणालीला जोडून द्यावी लागली. 'बेस्ट प्रॅक्टिस'च्या नावाखाली ज्यांना अडाणी ठरवलं होतं, त्यांच्या म्हणण्यात तथ्य निघालं!

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तर एक गोष्ट दिसते. पद्धत चांगली की वाईट हा प्रश्न नंतरचा. जुनी पद्धत अशी का होती हे ज्यांना माहीत होतं त्यांना सगळ्यात शेवटी, आणि तेही फक्त ऐकायला बोलावलं, इथे गाडी अडते. प्रशिक्षण ही दोन्ही बाजूंनी चालणारी गोष्ट आहे. क्लार्कने स्क्रीन शिकायचा, हे ठीक. पण त्याआधी स्क्रीन बनवणाऱ्याने क्लार्ककडून काम शिकायला हवं. कॅमिनरकडे हे दुसरं शिक्षण आधीच झालेलं होतं.

केंब्रिजपासून सगळे शहाणे झाले असतील असं वाटत असेल, तर एडिनबर्ग विद्यापीठाकडे बघा. तिथे 'पीपल अँड मनी' नावाच्या प्रणालीचा आर्थिक भाग सुरू झाला ऑगस्ट २०२२ मध्ये. पुन्हा ऑगस्ट, पुन्हा ओरॅकल (या वेळी क्लाउडवर). पुरवठादारांचे पैसे अडकले, पीएचडी करणाऱ्या काही मुलांची विद्यावेतनं रखडली, आणि प्राचार्यांना जाहीर माफी मागावी लागली. मध्ये २२ वर्षं गेली होती. या काळात सर्व्हर विद्यापीठाच्या तळघरातून निघून कुठल्या कुठे गेले, पण विभागातल्या त्या एक-दोन माणसांचं टेबल होतं तिथेच होतं.

आमच्या धंद्यात प्रकल्पाला उशीर झाला की सगळ्यात आधी कात्री लागते ती प्रशिक्षणाच्या आठवड्यांना. का, तर ते वेळापत्रकाच्या शेवटी असतात म्हणून. ते सुरुवातीला घेतले, विभागातल्या दोन-चार जाणत्या माणसांना पहिल्या महिन्यापासून टीममध्ये बसवलं, सराव त्यांच्याच खऱ्या खात्यांवर आणि सुरू होण्याच्या तोंडावर करून घेतला, आणि पहिले दोन महिने कोणीतरी त्यांच्या खुर्चीशेजारी उभं राहिलं, तर खर्च वाढेल हे नक्की. पण ९० लाख पौंडांपुढे तो किती?

असो. एका गोष्टीसाठी मात्र केंब्रिजला मानलं पाहिजे. एवढी नाचक्की करणारा अहवाल त्यांनी फायलीत दाबून ठेवला नाही. विद्यापीठाच्या 'रिपोर्टर' या अधिकृत पत्रात तो सगळ्यांना वाचायला खुला केला. आपण सॉफ्टवेअरवाले पूल कोसळल्याच्या गोष्टी चवीने सांगतो, पण आपले स्वतःचे कोसळलेले पूल फारसे कोणाला दाखवत नाही. वेळ मिळाला तर तो अहवाल जरूर वाचा, आणि आपल्या प्रोजेक्ट मॅनेजरलाही पाठवा... अर्थात अप्रेझल झाल्यावर!