दंत क्ष-किरणचित्रण व आनुवंशिक अस्थिविकार
दात व जबडे यांच्या क्ष-किरण चित्रांवरून काही दुर्मिळ आनुवंशिक अस्थिविकारांचा माग लागतो. व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला व १८९६ च्या जानेवारीत जर्मन दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यास २५ मिनिटे लागली. फ्रेंच वैद्य प्येअर मारी व पॉल सँताँ यांनी १८९८ मध्ये जत्रुक-कर्पर विकृतीचे वर्णन केले. तीत गळ्याची हाडे अपूर्ण असतात आणि चित्रात जबड्यात अडकलेले जादा दात दिसतात.

कॅनडातील बालरोगतज्ज्ञ जॉन रॅथबन यांनी १९४८ मध्ये हायपोफॉस्फेटेशिया या विकाराचे वर्णन केले. अल्कलाइन फॉस्फेटेज या एंझाइमाच्या न्यूनतेमुळे दाताच्या मुळावरील सिमेंटमाचा थर नीट बनत नाही. परिणामी दुधाचे दात पाचव्या वर्षापूर्वीच मुळासकट गळतात. चित्रात दंतमगजाची पोकळी रुंद व दाताभोवतीचे हाड झिजलेले आढळते. सौम्य प्रकारात विकाराची खूण दातांपुरतीच असते. ती हिरड्यांचा रोग समजली गेल्यास निदान लांबते. चित्रावरून मात्र संशयच घेता येतो; निश्चितीसाठी रक्तातील एंझाइमाचे मापन व जीन-परीक्षा आवश्यक असते. २०१५ मध्ये अॅस्फोटेज आल्फा हे औषध मान्य झाल्यापासून वेळीच केलेल्या निदानाचे महत्त्व वाढले आहे.