पहिली बाई कोण? माझ्या चुकीचा एपिसोड

आजचा एपिसोड थोडा वेगळा आहे. आज मी माझीच एक चूक दुरुस्त करणार आहे.

मागच्या वेळी मी बोलून गेलो की मराठी रंगभूमीवर बायका आल्या त्या 1933 मध्ये. दोन दिवसांनी ऐकणाऱ्यांपैकी एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. ती शांतपणे म्हणाली, "दादा, माझी पणजी तमाशाच्या फडात नाचायची. तुमच्या 1933 च्या आधीपासून. मग ती कुठे उभी होती?"

मी कंपनीच्या बसमध्ये होतो. हेडफोन काढून ठेवले. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधी सांगतो, मी 1933 आणलं कुठून. संगीत नाटकांच्या काळात बायकांच्या भूमिका पुरुष करायचे. बालगंधर्व त्यातले सगळ्यात मोठे. 1913 मध्ये त्यांची गंधर्व नाटक मंडळी सुरू झाली आणि ते स्टेजवर जशी साडी नेसायचे, तशी घराघरांतल्या बायका नेसायला लागल्या. मग 1 जुलै 1933 ला मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं. श्री. वि. वर्तकांनी ते ब्यर्नसन या नॉर्वेच्या लेखकाच्या नाटकावरून लिहिलं होतं. त्यात स्त्रीची भूमिका स्त्रीनेच केली. ज्योत्स्ना भोळे तेव्हा जेमतेम 19 वर्षांच्या होत्या. नाटक गाजलं, आणि ती तारीख इतिहासात पक्की बसली.

तारीख खरी आहे. खोटं होतं माझं वाक्य.

कारण हिराबाई बडोदेकर त्याच्या काही वर्षं आधीच घरच्या नाटक कंपनीतून, बहीण-भावंडांसोबत, स्टेजवर उभ्या राहिल्या होत्या. त्याहीआधी बेळगावकडे बायकांची स्वतंत्र संगीत नाटक मंडळी होती. तिथे तर पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करायच्या!

आणि तमाशा? तिथेही आधी नाच्या पोऱ्या असायचा, म्हणजे बाईच्या वेशातला मुलगा. पण संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा 1933 च्या कितीतरी आधी पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली. पवळाबाई महार समाजातल्या, बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्माने ब्राह्मण. त्या जोडीला बघायला लोक लोटायचे.

मग आपण मोजायला 1933 पासून सुरुवात का करतो? जुन्या लिखाणात एक शब्द सारखा भेटतो: 'कुलीन'. कुलीन घरातली बाई स्टेजवर आली, ही त्या काळी मोठी बातमी होती. पुढे सांगता सांगता 'कुलीन' गळून पडलं आणि 'बाई' तेवढी उरली. माझ्या कामात असं होतं कधी कधी. क्वेरीत कुणीतरी जुना फिल्टर ठेवून दिलेला असतो, आणि आपण समजतो की सगळा डेटा हाच.

या फिल्टरने फक्त नावं गाळली नाहीत. पुरुषाने बाई केली की ती कला. फडातल्या बाईने तेच केलं की आधी तिच्या चारित्र्याची चौकशी.

विठाबाई नारायणगावकरांचा किस्सा तुम्ही रीलमध्ये पाहिला असेल. दिवस भरलेले, खेळ चालू, कळा आल्या. राहुटीत बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या. आता मला वाटतं, त्या रात्री खेळ थांबवता येईल अशी सोय त्यांच्या आयुष्यात का नव्हती, हे आधी विचारायला हवं होतं. विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळालं. 2002 मध्ये त्या गेल्या, तेव्हा शेवटचे दिवस पैशांच्या ओढाताणीतच गेले होते. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलंच आहे. पण मानपत्र मिळालं म्हणून दवाखान्याचं बिल भागत नाही.

आता दुरुस्ती, नीट शब्दांत. 1933 मध्ये मराठी रंगभूमीवर बायका आल्या नाहीत. त्या आधीपासून होत्या. 1933 मध्ये शहरातल्या सुशिक्षित प्रेक्षकांनी बाईला स्टेजवर मानाने बघायला सुरुवात केली. बदल प्रेक्षकांत झाला. मागच्या एपिसोडच्या माहितीत मी हे लिहिलंय.

त्या मुलीला मी पणजीचं नाव विचारलं. ती म्हणाली, "घरात कुणी घेतच नाही. सगळे 'नाचणारी आजी' म्हणतात. थांबा, आज्जीला विचारते."

तुमच्याही घरात अशी कुणी असेल: गाणारी, वाजवणारी, फडात असलेली. आज फोनवर रेकॉर्डर चालू करा आणि आधी नाव विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.