घाम गाळायचा, पण आडवं कधी व्हायचं?

मागच्या उन्हाळ्यात मी सलग तेवीस दिवस हॉट योगा केला. चोविसाव्या दिवशी उभ्या आसनात डोळ्यांसमोर अंधारी आली आणि मी मॅटवरच बसलो. तेव्हा प्रश्न पडला, रोज एवढं तापायचं हे योगात आलं कुठून?

उत्तर फार जुनं नाहीये. कोलकात्याच्या बिष्णू घोष यांचे शिष्य बिक्रम चौधरी यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत हा प्रकार लोकप्रिय केला. २६ आसनांचा ठरलेला क्रम, ९० मिनिटं आणि खोली साधारण ४० अंशांवर.

आता पंधराव्या शतकातली 'हठयोगप्रदीपिका' बघा. योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टी स्वात्माराम सांगतो, त्यात अति खाण्यापाठोपाठ नंबर लागतो अति श्रमांचा! शवासन तिथे थकवा घालवायलाच दिलंय. म्हैसूरच्या पट्टाभी जोइस यांचा अष्टांग योगही चांगलाच घाम काढतो. पण परंपरेने शनिवारी, अमावस्येला आणि पौर्णिमेला सुट्टी. आपल्या पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी तर लोड, ब्लँकेट, खुर्चीच्या आधाराने शरीराला विसावा देणारी आसनं शिकवली.

म्हणजे रोज तापण्याचा हट्ट आपला, परंपरेचा नाही. घामाबरोबर पाणी जातं, मीठही जातं. ते भरून यायला वेळ लागतोच.

मी आता आठवड्यातून तीनदाच जातो. मधल्या दिवशी नीट झोप आणि वीस मिनिटं शवासन. ॲपवरची स्ट्रीक तुटली, वाईटही वाटलं. पण अंधारी पुन्हा आली नाही. तुमचा सुट्टीचा वार कोणता, नक्की कळवा!