बंगालमधील जलपर्णी : निर्मूलनाचा इतिहास आणि जबाबदारीचा प्रश्न

प्रास्ताविक

इतिहासलेखनात राजसत्ता, करार आणि चळवळी यांना जे स्थान लाभते, ते एखाद्या पाणवनस्पतीला सहसा लाभत नाही. तथापि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अविभाजित बंगाल प्रांतात जलपर्णीने शेती, जलवाहतूक, कायदा आणि निवडणूक या चारही क्षेत्रांत प्रवेश केला होता. प्रस्तुत लेखात या वनस्पतीच्या प्रसाराचा व तिच्या निर्मूलनासाठी झालेल्या प्रयत्नांचा आढावा घेऊन, या कार्याची जबाबदारी नेमकी कोणावर टाकण्यात आली, या प्रश्नाचा विचार केला आहे.

वनस्पतीचे स्वरूप व आगमन

जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील वनस्पती होय. तिच्या जांभळ्या फुलांच्या सौंदर्यामुळे एकोणिसाव्या शतकात ती शोभेची वनस्पती म्हणून अनेक देशांतील उद्यानांत पोहोचली. बंगालमध्ये ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली, असे मानले जाते. तेथे तिला ‘कचुरीपाना’ हे नाव मिळाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ‘जर्मन पाना’ असेही तिला म्हटले जाई. वनस्पतीचा जर्मनीशी संबंध नसला, तरी शत्रूचे नाव तिला चिकटले.

तिच्या प्रसाराचे रहस्य तिच्या पुनरुत्पादनात आहे. धावत्या खोडांपासून नवी रोपे तयार होतात आणि अनुकूल परिस्थितीत त्यांची संख्या साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. बिया तळाच्या गाळात पंधरा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. टिकल्यांप्रमाणे पाण्यावर पसरणारी लेम्ना ही वनस्पतीदेखील संथ व पोषक द्रव्यांनी युक्त पाण्यातच फोफावते. परंतु ती होडी अडवीत नाही. जलपर्णीची एकमेकांत गुंतलेली दाट चादर मात्र होडीचा मार्ग बंद करते, सूर्यप्रकाश रोखते आणि पाण्यातील प्राणवायू घटवते.

शेती व जलमार्गांवरील परिणाम

पूर्व बंगालची अर्थव्यवस्था भात, ताग, मासेमारी आणि जलमार्ग यांवर उभी होती. पुराच्या पाण्याबरोबर जलपर्णीचे ताफे सखल शेतांत शिरत आणि उभी पिके त्यांखाली दबून जात. ताग गावातून बाजारपेठेपर्यंत होड्यांनीच जात असल्याने अडलेला कालवा म्हणजे अडलेला व्यापार होता. त्यामुळे १९१४ च्या सुमारास तागाचे केंद्र असलेल्या नारायणगंज येथील व्यापाऱ्यांनी शासनाकडे दाद मागितली. शेतकऱ्याच्या हानीपेक्षा व्यापाराच्या अडचणीचा आवाज आधी शासनापर्यंत पोहोचला, ही बाब लक्षणीय आहे.

शासकीय उपाययोजना

प्रारंभी ही वनस्पती उपयोगात आणण्याचा विचार झाला. फिनलो व मॅक्लीन या कृषिखात्यातील शास्त्रज्ञांनी १९१७ मध्ये जलपर्णीतील पालाशचे प्रमाण व तिचे खतमूल्य यांकडे लक्ष वेधले. महायुद्धामुळे जर्मनीहून येणारा पालाश बंद झाल्याने या विचाराला महत्त्व आले. परंतु उपयुक्त म्हणून वनस्पती राखावी की उपद्रवी म्हणून नष्ट करावी, हा पेच त्यातून निर्माण झाला.

१९२१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या काळात रासायनिक फवाऱ्याचाही पुरस्कार केला जात होता. पण पाने करपली तरी पाण्याखालील भागातून पुन्हा पालवी फुटते, ही त्यातील मूलभूत अडचण होती.

पुढे १९३६ मध्ये बंगाल जलपर्णी कायदा संमत झाला. जलपर्णी वाढविण्यास त्याने मनाई केली आणि जमीन ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावर तिच्या निर्मूलनाचे बंधन घातले. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत जलपर्णीमुक्तीचे आश्वासन जाहीरनाम्यांत आले. फजलुल हक यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आल्यानंतर निर्मूलनाची व्यापक मोहीम हाती घेण्यात आली. गावोगावच्या लोकांनी हातांनी जलपर्णी उपसली आणि पुढील दशकात अनेक जलमार्ग पुन्हा मोकळे झाले.

साचलेल्या पाण्याचा प्रश्न

या यशाची मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. रेल्वेमार्ग व रस्ते यांच्या भरावांमुळे बंगालमधील पाण्याचा नैसर्गिक निचरा अडला होता. आरोग्याधिकारी सी. ए. बेंटली यांनी १९२५ मध्ये हिवताप व शेतीची अवनती यांचा संबंध या भरावांशी जोडला होता. संथ पाणी जलपर्णीलाही पोषक ठरते. असे असताना कायद्याने आपल्या डबक्यातील वनस्पतीसाठी शेतकऱ्याला जबाबदार धरले. पाणी अडविणारे भराव मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. रोगाचे लक्षण व्यक्तीच्या माथी आणि कारण व्यवस्थेच्या आड, अशी ही विभागणी होती.

समारोप

जलपर्णी बंगालमधून नाहीशी झाली नाही. दक्षिण बांगलादेशातील शेतकरी तिचे थर रचून त्यांवर तरंगती शेती करतात. या पद्धतीला २०१५ मध्ये अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. भारतात १९८० च्या दशकात जलपर्णी खाणारे सोंडकिडे सोडण्यात आले. तथापि सांडपाण्याने पोसलेल्या जलाशयांत तेवढा उपाय पुरेसा ठरत नाही.

महाराष्ट्रात मुळा, मुठा, पवना व इंद्रायणी या नद्यांत जलपर्णी उपसण्याचे काम वारंवार करावे लागते. येथे भरावांची जागा प्रामुख्याने सांडपाण्याने घेतली आहे. बंगालच्या अनुभवावरून असे दिसते की, वनस्पती उपसण्याची जबाबदारी निश्चित करणे तुलनेने सोपे असते. पाणी साचविणाऱ्या व दूषित करणाऱ्या कारणांची जबाबदारी निश्चित झाल्याखेरीज ते निर्मूलन स्थायी होत नाही.