गांधीबाग : वित्तीय विकेंद्रीकरण, डिजिटल व्यापार आणि शाश्वत विकास

गांधीबाग हे नागपूरच्या जुन्या शहरातील ठोक व्यापाराच्या पेठेचे आणि नागपूर महानगरपालिकेच्या दहा झोनांपैकी एकाचे नाव आहे. रेल्वेमार्गाच्या पूर्वेला, सेंट्रल अव्हेन्यूच्या परिसरात वसलेली ही पेठ इतवारी व महाल या जुन्या वस्त्यांना लागून आहे. कापडाच्या ठोक बाजारासाठी ती विशेष ओळखली जाते. विदर्भातील तसेच शेजारच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील चिल्लर दुकानदार येथून माल उचलतात. शहरात येणाऱ्या मालावरचा कर महापालिकेच्या हातून कसा गेला, व्यवहार कागदी खातेवहीतून मोबाईलवर कसे आले आणि या दोन्हींचा नागरी सोयींशी काय संबंध आहे, हे अभ्यासण्यासाठी गांधीबाग हे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण आहे.

घटनात्मक चौकट : नागपूरची नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली व १९५१ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी १८ विषय नमूद केले. मात्र कामांची यादी दिली तशी करांची स्वतंत्र यादी दिली नाही. अनुच्छेद २४३-भ नुसार कोणते कर पालिकांनी बसवायचे हे राज्य विधिमंडळ ठरवते. राज्य वित्त आयोगाची तरतूद अनुच्छेद २४३-म मध्ये आहे. परंतु आयोगाचे काम शिफारशी करण्याचे आहे. कामे घटनेने सांगितलेली आणि पैसा राज्याच्या मर्जीवर, ही विसंगती पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी आहे.

जकात ते भरपाई : महाराष्ट्रातील महापालिकांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार दीर्घकाळ जकात हा होता. शहराच्या हद्दीवरील नाक्यावर ट्रक थांबवून मालावर कर घेतला जाई. रोजच्या रोज रोकड मिळत असल्याने पालिकेला हा कर सोयीचा होता. व्यापारी व वाहतूकदारांना मात्र रांगा, तपासणी आणि अडवणूक सोसावी लागे. नागपुरात १ एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला. नाके गेले व व्यापाऱ्याने स्वतःच्या हिशेबावरून कर भरण्याची पद्धत सुरू झाली. राज्यभरातील व्यापाऱ्यांनी या कराला तीव्र विरोध केला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला, म्हणजे पेठेतील सामान्य दुकानदार त्यातून सुटला.

२०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कराची राज्यसूचीतील ५२ वी नोंद वगळली. जाहिरातींवरील कराची ५५ वी नोंदही गेली. करमणूक कर बसवण्याचा अधिकार तेवढा स्थानिक संस्थांसाठी राखला गेला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू झाला, तेव्हा राज्याने महापालिकांसाठी भरपाईचा कायदा केला. त्यात २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ गृहीत धरली आहे. राज्यांना केंद्राकडून पहिल्या पाच वर्षांसाठी मिळालेली हमी १४ टक्के वाढीची होती. भरपाईमुळे महापालिकेची नड भागली. मात्र पेठेची उलाढाल वाढली किंवा घटली तरी त्या रकमेत फरक पडत नाही. बाजार आणि पालिका यांचे आर्थिक नाते येथे तुटले.

डिजिटल व्यवहार : देशपातळीवर यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले. १४ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दुकानदारांसाठीच्या ‘भीम-आधार’ या देयक सुविधेचे उद्घाटन नागपुरातच केले. पूर्वी करमुक्त असलेल्या कापडावर जीएसटीमुळे ५ टक्के कर आला व कापड व्यापाऱ्याला नोंदणी आणि ऑनलाइन विवरणपत्रे आवश्यक झाली. १ एप्रिल २०१८ पासून ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठवताना ई-वे बिल काढावे लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे ऑनलाइन नोंदवलेले बीजक, बंधनकारक आहे. पेठेतून निघणाऱ्या मालाची इतकी तपशीलवार नोंद जकातीच्या काळातही होत नव्हती. ही माहिती केंद्र व राज्याच्या कर विभागांकडे जमा होते. झोनचे अंदाजपत्रक मांडताना तिचा आधार मिळत नाही.

शाश्वत विकासाशी संबंध : ठोक बाजाराचा भार स्थानिक असतो. मालवाहू गाड्यांची गर्दी, हमालांसाठी पाणी व शौचालये, वेष्टनाचा कचरा, गटारे आणि कापडाच्या गोदामांची अग्निसुरक्षा हे प्रश्न पालिकेलाच हाताळावे लागतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी सीताबर्डी ते प्रजापतीनगर मेट्रो सुरू झाल्याने अग्रसेन चौक व चितार ओळी चौक ही स्थानके या परिसराला मिळाली व ग्राहकांना वाहन न आणता येण्याची सोय झाली. स्वतःच्या साधनांतून शाश्वत विकास साधण्याचे नागपूरचे महत्त्वाचे उदाहरण पाण्याचे आहे : भांडेवाडी येथे शुद्ध केलेले सांडपाणी महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्रासाठी विकले जाते. त्यातून पालिकेला उत्पन्न मिळते आणि तेवढे ताजे पाणी वाचते. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांचे अनुदान हवेची गुणवत्ता, पाणी व स्वच्छता यांच्याशी जोडले. हा पैसा उपयुक्त असला तरी त्याचा प्राधान्यक्रम दिल्लीत ठरतो.

मूल्यमापन : जकात रद्द होणे योग्यच होते, नाक्यावरील अडवणुकीने व्यापाराची हानी होत होती. उणीव राहिली ती पर्यायाची. जपानमध्ये १० टक्के उपभोग करापैकी २.२ टक्केबिंदू स्थानिक शासनांचे असतात आणि प्रांतांकडे आलेल्या रकमेतील निम्मी पालिकांना जाते. भारतात जीएसटीतील असा निश्चित वाटा महापालिकांना नाही. नागपुरात मार्च २०२२ मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपल्यावर दीर्घकाळ प्रशासकाचा कारभार राहिला, त्यामुळे खर्चाचा जाब विचारणारी यंत्रणाही दुबळी झाली. गांधीबागेसारख्या पेठांचा शाश्वत विकास साधायचा तर राज्य जीएसटीत महापालिकांचा कायद्याने ठरलेला वाटा, डिजिटल नोंदींतील एकत्रित माहिती झोनपर्यंत पोहोचवणे आणि त्या पैशाचा हिशेब मागणारी सक्रिय प्रभाग समिती या तीन गोष्टी एकत्र हव्यात. यांपैकी पहिलीशिवाय उरलेल्या दोन्हींना बळ येणार नाही.