लोकल फंडाची शाळा ते झेडपीची शाळा : पैसा कुणाचा आणि सही कुणाची?

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण तालुक्यात सध्या कमी पटाच्या शाळांवरून जे चाललंय त्याबद्दल मत बनवण्याआधी वाचा एवढीच विनंती.

गावातल्या पंच्याऐंशी पार केलेल्या आजोबांना विचारा, कुठल्या शाळेत शिकलात? ते 'लोकल बोर्डाची शाळा' म्हणतील. त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असलेले 'स्कूल बोर्डाची' म्हणतील. काही गावांत दारावर अजून 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' अशी अक्षरं दिसतात. आपण 'झेडपीची शाळा' म्हणतो. इमारत बहुतेक तीच, कौलं जाऊन पत्रे आले, पत्रे जाऊन स्लॅब आला. नाव मात्र दर पिढीला बदललं, कारण शाळेचा मालक बदलला. त्या नावांच्या मागे गेलं की आजचा घोळ बराचसा उलगडतो. (हे सगळं जुन्या मुंबई इलाख्यातलं. मराठवाडा निजामाकडे आणि विदर्भ मध्य प्रांतात होता, त्यांची गोष्ट वेगळी.)

सुरुवात लोकल फंडापासून करतो. १८६३ च्या सुमाराला मुंबई सरकारने शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवली आणि १८६९ साली तिचा कायदा केला. या पैशातला दोन तृतीयांश भाग रस्ते वगैरे कामांना आणि एक तृतीयांश शाळांना, अशी वाटणी होती. म्हणजे खेड्यातली सरकारी शाळा पहिल्यापासून शेतकऱ्याच्या पैशावर उभी आहे. ती कुणी दान दिलेली नाही. आज कुणी 'फुकटची शाळा' म्हणालं की मला हा एक आणा आठवतो.

पैसा शेतकऱ्याचा होता, पण तो कुठे खर्च करायचा हे कलेक्टर कचेरीत ठरायचं. शेतकरी सारा भरताना आणाही भरून यायचा आणि त्याच्या गावात शाळा असेलच असं काही नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिलं, त्याचा गाभा हाच आहे. सरकारच्या तिजोरीत पैसा रयतेच्या घामाचा जातो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. इलाख्यातल्या दहातल्या नऊ खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, असं त्यांनी त्यात लिहिलं. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, लोकल फंडातला निम्मा पैसा फक्त प्राथमिक शाळांना द्या, शिकवून तयार केलेल्या मास्तरला महिना किमान बारा रुपये द्या आणि शक्यतो शेतकरी समाजातला, नांगराला हात लावायला न लाजणारा मास्तर नेमा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. गावात मास्तरचं वजन वाढावं म्हणून त्याला पोस्टमास्तरकी किंवा स्टँप विकण्यासारखी कामं द्यावीत, असंही त्यांनी सुचवलं होतं. हे वाचून आजचे शिक्षक कपाळाला हात लावतील, कारण मतदार याद्या करता करता त्यांचे दिवस जातात. पण फुल्यांच्या डोक्यात मास्तरचा मान होता, हा फरक आहे.

१८८४ साली रिपनसाहेबाच्या धोरणातून लोकल बोर्डं आली. नाव स्थानिक स्वराज्याचं, पण खुर्चीत बराच काळ कलेक्टरच. त्या काळात आपल्याकडच्या संस्थानिकांनी इंग्रजांच्या पुढे उडी मारली. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचं मोफत शिक्षण केलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तोच कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. इथे पैसा आणि हुकूम एकाच हातात होते आणि तो हात मुलाच्या बाजूचा होता. म्हणून ते चाललं. पण राजाच्या मर्जीवर चालणारी गोष्ट राजाबरोबर संपू शकते, हेही तितकंच खरं.

खरी गंमत १९२३ ला सुरू होते. त्या वर्षीच्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डांकडे दिला. मास्तरांच्या नेमणुका आणि बदल्या आता निवडून आलेल्या माणसांच्या हातात आल्या. सक्तीचं शिक्षण सुरू केलं तर वाढीव खर्चातला दोन तृतीयांश वाटा सरकार जिल्हा बोर्डांना देईल, असं ठरलं. कागदावर झकास. पण बोर्डाकडे स्वतःचा एक तृतीयांश वाटा घालायला पैसे कुठे होते? सारा वाढवायचा अधिकार बोर्डाला नव्हता. पुढे जगभर मंदी आली, सरकारनेही हात आखडला आणि सक्तीच्या योजना फायलीतच राहिल्या.

मग बोर्डाच्या हातात उरलं काय? बदल्या. ज्या माणसाकडे पैसा नाही पण मास्तरला चाळीस मैल लांब फेकायची ताकद आहे, तो काय करेल? निवडणुकीत मास्तर राबवून घेईल. तेच झालं. तक्रारी इतक्या वाढल्या की १९३८ साली बाळासाहेब खेरांच्या सरकारने कायदा बदलून प्रशासन अधिकारी सरकारी माणूस केला. १९४७ च्या कायद्यानंतर जिल्हा स्कूल बोर्डं आली आणि खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला. पैसा वर गेला, त्याच्या मागोमाग सहीसुद्धा वर गेली.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा पुन्हा खाली आल्या, निदान पाटीवर तरी. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून झालेला हा कायदा देशात नावाजला गेला आणि त्याला कारण आहे. खेड्यापाड्यात शाळा पोचल्या त्या याच काळात. वाडीवर शाळा मंजूर करून आणणं हे सदस्याचं सगळ्यात मोठं काम असायचं आणि लोक त्याला त्यावर मत द्यायचे. आमच्या पिढीतले निम्मे पत्रकार, तलाठी, मास्तर, फौजदार त्या शाळांतून आले, मीही आलो. पण गुरुजींचा पगार राज्य सरकारकडून येणार, जिल्हा परिषदेचा स्वतःचा शेष फंड हातखर्चापुरता आणि बदल्या मात्र जिल्ह्यात. म्हणजे १९२३ चीच तऱ्हा, नाव तेवढं नवीन.

मी वीसेक वर्षं झेडपीच्या सभांच्या बातम्या केल्यात. जिल्ह्याचं नाव घेत नाही, गरजही नाही. शिक्षणाचा विषय निघाला की बदल्या, वर्गखोल्यांचं बांधकाम, पोषण आहाराचा ठेका यावर तास-तास भांडणं ऐकली. पाचवीच्या पोराला धडा वाचता येतो का, यावर सभागृह तापलेलं मला एकदाही आठवत नाही. सदस्य वाईट होते असं नाही, काही तर रात्री-अपरात्री शाळेच्या कामाला धावणारे होते. पण जे हातात होतं त्यावरच ते बोलत होते. २०१७ पासून बदल्या ऑनलाईन झाल्या. शिक्षकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि सभापतीच्या दारातली गर्दी एका हंगामात ओसरली. आणि २०२२ नंतर बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लटकल्या, वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत राहिले. शिक्षण समिती नाही, सभापती नाही. तुम्हाला फरक जाणवला? खरं सांगा.

आता मुलं किती शिकतात ते बघू. पूर्वी 'डिपोटी' यायचे म्हणजे साहेब तपासणीला यायचे. घोड्यावरून, मग सायकलवरून, मग एसटीने. ते मुलाला उभं करून वाचायला लावायचे, पाढे विचारायचे आणि शेरेबुकात लिहून जायचे. पोरं थरथरायची, मास्तर त्याहून जास्त. ती पद्धत परत आणा असं मी म्हणत नाही. पण साहेब मुलाचं वाचन ऐकायचा. आता साहेब माहिती मागवतो आणि तीही 'आजच, तातडीने'. संख्येला पैसा जोडला की संख्या कशी फुगते ते ऑक्टोबर २०११ च्या राज्यभरच्या पटपडताळणीत दिसलं. नांदेडला आधी गडबड उघडी पडली, मग सगळीकडे तीन दिवस मोजणी झाली आणि लाखो मुलं फक्त कागदावर निघाली. दुसरीकडे 'असर'च्या पाहण्या बघा. ग्रामीण महाराष्ट्रात पाचवीतल्या दहापैकी चारेक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येत नाही. यात खासगी शाळांतली मुलंही आहेत, इंग्रजी माध्यमवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये.

आणि जिथे झालं तिथे काय झालं? सातारा जिल्ह्यात कुमठे बीटमधल्या झेडपी शाळांनी शिकवायची पद्धत बदलली, फरशीवर खडूने आखून, वस्तू हाताळत मुलं शिकायला लागली आणि राज्यभरातून शिक्षक बघायला आले. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'ला तिथून बळ मिळालं. ते सुरू केलं एका बीटने, वरून हुकूम आला म्हणून नव्हे. मग त्याचा शासन निर्णय झाला, निर्णयाचे तक्ते झाले, तक्त्यांच्या लिंका झाल्या. पुढचं शिक्षक मित्रांना विचारा.

आता कमी पटाच्या शाळा. २०२३ मध्ये शासनाने स्वतःच आकडा दिला. वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळा, त्यात १ लाख ८५ हजार ४६७ मुलं आणि २९ हजार ७०७ शिक्षक. शिक्षकामागे सहा मुलं. खर्चाचा प्रश्न खोटा नाही, तो उडवून लावणाऱ्यांत मी नाही. त्यावर काढलेला उपाय म्हणजे 'समूह शाळा', मुलं गाडीने एका मोठ्या शाळेत आणायची.

ही कल्पना मुळात वेगळी होती. कोठारी आयोगाने १९६६ ला 'शाळा संकुल' सुचवलं. त्यात लहान शाळा जागेवर राहायच्या आणि मोठ्या शाळेने त्यांना पुस्तकं, साधनं, शिक्षकांची मदत पुरवायची. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या आजऱ्याकडचे. एकशिक्षकी शाळेवर त्यांनी १९५० च्या दशकात स्वतंत्र पुस्तक लिहिलं. डोंगरी, विरळ वस्तीच्या देशात लहान शाळा राहणारच, तेव्हा ती नीट कशी चालवायची ते शिका, हा त्यांचा रोख. सत्तर वर्षांनी आपण 'जोडा'चा अर्थ 'बंद करा' असा लावतोय.

आणि पैशाचं बघा. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षामधून वर्षाचं संयुक्त अनुदान दहा हजार रुपये. महिन्याला आठशे तेहतीस. त्यात वीजबिल, खडू, फिनेल, नळाची तोटी, सगळं. लाईट बिल थकून मीटर गेलेल्या शाळेत डिजिटल वर्गाचा टीव्ही फडक्याखाली झाकलेला मी बघितलाय. अशी शाळा आधी उपाशी ठेवायची आणि मग पट का घटला म्हणून विचारायचं.

प्रत्येक लहान शाळा वाचलीच पाहिजे, असं माझं म्हणणं नाही. तीन मुलं असतील, दुसरी शाळा अर्ध्या किलोमीटरवर असेल, मध्ये ओढा किंवा हायवे नसेल, तर दहा मुलांच्या सोबतीत ती तीन मुलं जास्त शिकतील. पण हे कोण ठरवणार? पावसाळ्यात ओढ्याला पाणी किती येतं हे मंत्रालयातल्या तक्त्यात नसतं, ते वाडीतल्या आईला माहीत असतं. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं धरलंय. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणवाटा पालक ठेवलेत. पण समितीच्या हातात अनुदानाच्या दहा हजारांचा हिशेब आणि सह्या, एवढंच. शाळा राहणार की जाणार, गुरुजी किती मिळणार, हे तिला कुणी विचारत नाही.

आपल्या तालुक्यातल्या वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची यादी मी माहिती अधिकारात मागितली आहे. अंतर, शिक्षक, अनुदान यासकट मागितली आहे. हाती आली की इथेच टाकतो. तोपर्यंत एक करा. आपापल्या शाळेत जाऊन व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त वाचायला मागा, समायोजनाबद्दल काही ठराव झालाय का बघा आणि झाला असेल तर तारीख मला कळवा. जुन्या पाटीवर 'लोकल बोर्ड' अजून दिसत असेल तर तिचा फोटोही पाठवा.