व्हॅनमधला स्पीकर

हा स्पीकर घरासाठी जन्मलाच नाही. एलएस ३/५ए बनवला तो बीबीसीच्या संशोधन विभागाने, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या किंग्जवूड वॉरन इथे, १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात. नावातला तीनचा आकडा बाह्यप्रक्षेपणाचा. ध्वनिअभियंत्याला व्हॅनच्या अडचणीत बसून आवाज तपासावा लागे आणि मोठा स्पीकर तिथे मावत नसे.

त्याचं मूळ मात्र आणखी वेगळ्या कामात आहे. नवा स्टुडिओ बांधण्याआधी त्याची एक-अष्टमांश प्रतिकृती करून आवाज कसा घुमेल हे बीबीसीचे अभियंते पाहत. त्या प्रयोगांसाठी केलेल्या छोट्या स्पीकरमधून एलएस ३/५ निघाला. मग केईएफ कंपनीच्या मूळ घटकांमध्ये, म्हणजे खालच्या स्वरांच्या वूफरमध्ये आणि वरच्या स्वरांच्या ट्वीटरमध्ये, बदल झाला, आराखडा नव्याने जुळवावा लागला आणि नावाला ‘ए’ जोडला गेला. हारवूड, व्हॉटन आणि मिल्स या बीबीसीच्या अभियंत्यांचा त्यावरचा अहवाल १९७६चा आहे.

खोकं जेमतेम एक फूट उंचीचं. बर्चच्या पातळ प्लायवुडला आतून डांबरी थर चिकटवलेला, म्हणजे लाकूड स्वतः गाऊ लागत नाही. ट्वीटरभोवती जाड नमदा, कारण खोक्याच्या कडांवर आदळून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळून तो गढूळ करतो. खरी मेहनत आहे क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे वूफर आणि ट्वीटरमध्ये स्वर वाटून देणाऱ्या मंडलात. प्रत्येक ट्वीटर थोडा कमीजास्त वाजणार हे धरून त्याची पातळी मोजून जुळवण्याची सोय त्यात ठेवली. त्यामुळे कोणत्याही व्हॅनमधला स्पीकर दुसऱ्या व्हॅनमधल्यासारखाच बोलावा, ही अपेक्षा पाळता आली.

बीबीसीत स्पीकरची कसोटी लागे ती माणसाच्या बोलण्यावर. समोर प्रत्यक्ष बोलणारा माणूस आणि स्पीकरमधून येणारा त्याचाच आवाज, दोन्ही ऐकून तुलना करायची. बोलण्यातली खोट आपल्या कानाला चटकन कळते, कारण तो आवाज आपण जन्मापासून ऐकतो. या खोक्याचं माझ्या मते मोठेपण इथेच आहे. खालचा खर्ज त्याला पेलत नाही. मोठ्या ढोलाची छाती हलवणारी धडक त्याच्याकडून मागू नये. पण गायकाने समेआधी घेतलेला श्वास, शब्दातलं ‘स’ किंवा ‘श’, दोन स्पीकरच्या मधोमध उभी राहिलेली व्यक्ती, हे तो ज्या खरेपणाने देतो, ते आजही फार थोड्या यंत्रांना जमतं.

तो बनवण्याचे परवाने रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ अशा कंपन्यांना मिळाले आणि व्हॅनमधला स्पीकर घरोघर, विशेषतः जपान आणि हाँगकाँगमध्ये, पोचला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात १५ ओहम विद्युतरोधाच्या आवृत्तीच्या जागी ११ ओहमची आवृत्ती आली. कोणती सरस, यावर शौकीन अजून तावातावाने वाद घालतात. शतक संपता संपता केईएफने त्या घटकांचं उत्पादन थांबवलं तेव्हा जुन्या जोड्यांना भाव चढला.

पुढे फाल्कन अकूस्टिक्सने १५ ओहमचे घटक पुन्हा घडवले. या कंपनीचे संस्थापक माल्कम जोन्स हे पूर्वी केईएफमध्ये होते आणि मूळ वूफर व ट्वीटर त्यांनीच रचले होते.